दारफाळणीचा दिवस

रविवार, १३ ऑक्टोबर २०२४. सकाळी घाऱ्या तळल्या. जीपने धाड गावाला गेले. हनोखभाऊजी वारले. ऊन उतरायच्या आत दफन.

त्या दिवशी वहीत भाऊजींबद्दल एवढेच उतरले. बाकीचे आता लिहिते.

हनोख रोहेकर माझ्या यजमानांचे चुलतभाऊ. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. भाऊजींचे वडील रस्तेखात्यात मुकादम होऊन कोकणातून धाडला आले आणि इथलेच झाले. घराची पुढची खोली त्यांनी प्रार्थनेला दिली. जिल्ह्यात तेव्हा आमची बरीच घरे होती. सणाला सगळी तिथे जमत. आम्ही त्या खोलीला मशीद म्हणायचो; आमच्यात प्रार्थनाघराला तोच शब्द. पश्चिमेच्या भिंतीतल्या कपाटात तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी, वर टांगलेला तेलाचा दिवा. नव्याच्या सणाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, गव्हाच्या चिकाचा हलवा ढवळून बायकांचे हात भरून येत, आणि तो गल्लीत वाटायचे काम भाऊजींचे.

मग एकेक घर इस्राएलला गेले, काही मुंबईला. भाऊजी एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. लग्न केले नाही, गावही सोडले नाही.

"सगळेच गेलो तर दिवा कोण लावील, वहिनी?"

"एलियाहू नबी येऊन लावील," मी एकदा म्हणाले; ते घरोघर येतात अशी आमची श्रद्धा.

"त्यांना वात वळता येते का, तेवढे विचारून ठेवा."

दारफाळणी हा आमचा उपासाचा मोठा दिवस. आदल्या संध्याकाळी दार लावायचे, ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचे नाही. बाहेरच्या कुणाशी बोलायचे नाही, कुणाला शिवायचे नाही. पूर्वी खोली माणसांनी भरलेली असे. पापांची कबुली म्हणताना पुरुष छातीवर मूठ मारत. तो आवाज गल्लीला पाठ होता. त्या दिवशी शेजारी आपल्या पोरांनाही आमच्या दारापुढून गप्प करून नेत.

यंदा दारफाळणी दसऱ्यालाच आली. गुडघ्यांमुळे मी दोन वर्षे माझ्या बुलढाण्याच्या घरीच उपास धरते. दुसरा दिवस शिळा सण, दानाचा आणि भेटीगाठींचा. घाऱ्यांचा डबा घेऊन धाडला पोचले, तर भाऊजींचे दार बंदच. कडीत आपट्याची पाने खोचलेली.

"काल सोनं द्याले आलो होतो," शेजारचे रंगराव म्हणाले. "दार लावेल होतं. तुमचा दिवस, हात कसा लावाव? म्हून कडीत ठेवलं."

"रात्री दार उघडले होते का?"

"नाई. म्हटलं, उपासानं थकून झोपले असतीन."

त्यांची बायको पंचफुला मागून आली. "काल दुपारी आवाज येत होता की, ताई. धप धप, दाराजवळूनच. मीच घरात म्हटलं, बाबाची प्रार्थना चालू हाय, टीव्ही बारीक करा."

मी रंगरावांना दार फोडायला सांगितले. त्यांनी पहार घातली.

भाऊजी दाराच्या आतच पडले होते. अंगावर सणाचे पांढरे कपडे, मूठ फळीला टेकलेली. एक बाजू गेली होती, पण श्वास चालू होता. जीपमध्ये मी त्यांचे डोके मांडीवर घेतले. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासले आणि कालच का आणले नाही, असे विचारले. तासाभरात भाऊजी गेले.

पंचफुला व्हरांड्यात खालीच बसली. "मले काऊन नाई समजलं, ताई?"

त्या दिवशी आमचे दार ठोठावायचे नाही, आतला आवाज प्रार्थनेचा असतो, हे आमच्याच माणसांनी त्या गल्लीला शिकवले होते. ती ते नीट शिकली होती.

मुंबईला फोन केला. आमच्यात दफन त्याच दिवशी करतात; तिकडून कुणी संध्याकाळच्या आत पोचणे शक्य नव्हते. तोराची गुंडाळी न्यायला मात्र पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणाले. खांदा गल्लीतल्या लोकांनी दिला. कबरीपाशी मी रंगरावांना सांगितले की आता कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणतात, पण त्याला दहा पुरुष लागतात.

त्यांनी मागे वळून पाहिले. "आमी दहाच्या वर हाओत. चालते काय?"

चालत नाही, दहाही यहुदीच लागतात, असे मला सांगावे लागले. ते हात जोडून तसेच उभे राहिले. मी मराठीतून एक स्तोत्र वाचले. माती लोटली.

रात्री वहीत त्या नोंदीखाली आणखी एक ओळ लिहिली आहे: नळ आला नाही, अंघोळीला पाणी शेजारच्या अन्नपूर्णाबाईंकडून घेतले.