खुर्चीत बसून दाखवलेली वाट

शकुंतला मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या तहसील कचेरीच्या आवारात एका ऑटोच्या दाराशी वाकून उभ्या होत्या. ऑटोत माझ्या सासूबाई बसल्या होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्यांना चालता येत नाही. निराधारचा पगार चालू राहावा म्हणून हयातीचा दाखला लागतो आणि त्यासाठी माणूस समोर दिसावं लागतं. कचेरी वरच्या मजल्यावर, आत्याबाई खाली. मी जिन्यावरून वरखाली करत होते. ऑटोवाला थांबल्याचे वेगळे पैसे मागेल ही एक काळजी, आणि पगार बंद पडला तर औषधाचं कसं ही दुसरी.

आत्याबाई मोठ्यानं म्हणत होत्या, "मी जित्ती हाय का न्हाई, हे वर जाऊन सांगायचं व्हय? वर गेल्यावर कोण सांगायला येतंय?"

बाहेरून येणाऱ्या मॅडमनी ते ऐकलं. तेव्हा त्या नायब तहसीलदार होत्या. सरळ ऑटोपाशी आल्या. "आजी, कशा आहात?"

"दिसायले न्हाई का? जित्ती हाय."

मॅडम मनापासून हसल्या. कारकुनांना कागद घेऊन खाली बोलावलं आणि ऑटोतच अंगठा झाला. गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पुढच्या साली, ज्यांना उठता येत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरीच तलाठी जाऊन दाखला करतील, अशी सोय त्यांनी लावली. आमच्या गल्लीतल्या आंधळ्या काशीबाईंना तर वाटलं, आपल्याला न्यायलाच कोणी आलंय. तलाठ्यांना चहा पाजेपर्यंत त्यांच्या जिवात जीव नव्हता.

पण मला सांगायचं आहे ते वाटेबद्दल.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस लिंगैक्य झालं की आडवं नेत नाहीत, जाळतही नाहीत. स्नान घालून, विभूती लावून, खुर्चीत बसवतात, हार घालतात आणि चौघांच्या खांद्यावर रुद्रभूमीत नेऊन बसलेलं तसंच समाधी देतात. आमच्या गावची रुद्रभूमी ओढ्याच्या पलीकडं आहे. तिथं मामंजींची समाधी आहे आणि तिच्या शेजारची जागा आत्याबाईंनी स्वतः दाखवून ठेवलेली आहे.

तिकडं जायची वाट माणिकरावांच्या शेतातून. त्यांनी शेताला तारेचं कुंपण घातलं आणि वाट बंद झाली. माणिकराव वाईट माणूस नाहीत. त्यांच्याकडं दहन असतं, त्यांची जागा गावाच्या दुसऱ्या अंगाला, त्यामुळं त्या वाटेचं त्यांना काही पडलेलं नव्हतं. लोक तुरी तुडवतात, गुरं घुसतात, म्हणून त्यांनी तार ओढली. आमच्या समाजातल्यांनी विनवण्या केल्या, मग तहसीलला अर्ज केला. "इथं वाट नव्हतीच," हे माणिकरावांचं एकच उत्तर.

त्याच हिवाळ्यात आत्याबाईंचा दमा वाढला. रोज सकाळी लिंगपूजा झाली की पहिला प्रश्न, "वाट झाली का गं?" मी म्हणायची, होईल. देवापुढं बसून मी काय मागावं तेच मला कळेना. त्यांना आयुष्य दे म्हणावं, की वाट होईपर्यंत तरी दे म्हणावं? माणसाच्या मरणाला जोडून देवाला मुदत घालावी, हे बरं वाटत नव्हतं. पण रोज तेच मागत होते. ऐन वेळी खुर्ची खांद्यावर आणि पुढं तार, हे चित्र भाकरी थापतानाही डोळ्यांपुढून हलत नसे.

मॅडम बढती मिळून आमच्याच तालुक्याला तहसीलदार म्हणून परत आल्या होत्या. अर्ज त्यांच्यापुढं गेला. कागदावरून निकाल न देता त्या स्वतः स्थळपाहणीला आल्या. माणिकरावांना नोटीस होती, पण ते "मला काय सांगायचं न्हाई" म्हणून आपल्या विहिरीकडं कामाला निघून गेले.

साहेबीण येणार म्हणून आत्याबाईंनी कपाळभर विभूती लावली होती, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसल्या होत्या. मी औशाला दिलेल्या नणंदेकडून झेंडूचा चांगला मोठा हार मागवला होता. मॅडमनी तो हातात घेतला आणि म्हणाल्या, "मी कामावर आले आहे, हार घेत नाही. मान घरातल्या मोठ्यांचा." आणि तो आत्याबाईंच्या गळ्यात घातला.

मग त्यांनी विचारलं, "पूर्वीची वाट नेमकी कुठून होती?" माझ्या मालकांनी एक बांध दाखवला, दिरांनी दुसरा. मॅडमच्या कपाळावर आठी आली. आमच्यातच एकमत नाही, तर निकाल कुठून लागणार?

आत्याबाई म्हणाल्या, "ह्यांना काय ठावं? मी लग्न होऊन आल्यापासनं त्या वाटंनं गेलीया. मला न्या, मी दाखविते."

चालता तर येत नव्हतं. मालक, दीर आणि दोन पुतण्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची खांद्यावर घेतली. पुढं खुर्ची, मागं आम्ही बायका, समाजातली माणसं, आणि सगळ्यांत मागं मॅडम नि तलाठी. तारेपर्यंत दाखवायचं काही नव्हतं, आणि उन्हानं डोळे दिपतात म्हणून आत्याबाईंनी ते मिटून घेतले आणि ओठांतल्या ओठांत नामस्मरण सुरू केलं. मी तर वाट कशी मिळेल या घोरात पदरानं डोळे पुसत चालले होते. लांबून हे सगळं कसं दिसत असेल, याचं भान आमच्यापैकी एकालाही राहिलं नाही.

माणिकरावांनी विहिरीवरून पाहिलं. हातातलं खोरं टाकून ते धावत आले. आम्हाला वाटलं, आता भांडण. पण त्यांनी पायातल्या चपला काढल्या, डोक्यावरची टोपी काढली, बोरीच्या झाडाजवळची तार सोडून बाजूला ओढली आणि हात जोडून मान खाली घालून उभे राहिले.

खुर्ची त्यांच्यासमोर आली तशी आत्याबाईंनी डोळे उघडले. "का रं माणिक, टोपी कामून काढलास?"

माणिकराव मागच्या मागं तुरीत पडले.

उठले ते रागानं लाल होऊनच. "सोंग केलाव तुम्ही! मेल्याचं सोंग करून माझी तार सोडविलाव! आन् ह्या बाईसाहेब तुम्हाला सामील! वर तक्रार करतो!"

ज्या हारानं हा घोटाळा झाला, तो मॅडमच्या हातचा. आमची वाट तर जाईलच, पण आमच्यापायी त्यांच्या नोकरीला डाग लागेल, असं वाटून मी बोरीखालीच बसले.

समाजातले एक वडीलधारे मात्र खूश होऊन म्हणाले, "मॅडम, लिवा पंचनाम्यात. बरोबर बोरीपाशी तार सोडली. म्हंजे वाट हितंच होती, हे त्यांनीच दाखविलं."

मॅडम म्हणाल्या, "हे मी लिहिणार नाही. माणूस गेलं समजून माणिकरावांनी मान दिला. तो मान मी त्यांच्याविरुद्ध कसा वापरू?" मग माणिकरावांकडं वळून त्यांनी हात जोडले. "हार मी घातला, चूक माझी. तक्रार जरूर करा. तुमचं म्हणणं सांगा, ते आधी लिहून घेते."

त्या घडीला आम्हाला मॅडमचा रागच आला होता, हे खोटं कशाला बोलू? हातात आलेली वाट त्यांनी सोडून दिली असं वाटलं.

माणिकरावांनी टोपी उचलून झटकली. आत्याबाई खुर्चीतूनच बोलल्या, "तक्रार कर बाबा. पर एक सांग. तार सोडलास कशाला?"

"मेल्या माणसाला कोणी आडवतंय व्हय?"

"मग जित्तीला कामून आडवायलास? मी काय रोज जाणार हाय का त्या वाटंनं? एकदाच जायचं हाय."

माणिकराव हसले नाहीत, पण त्यांचा आवाज उतरला. त्यांनी मॅडमना खरी भीती सांगितली. आज माणसं जातील, उद्या ट्रॅक्टर जातील, परवा रस्ता होईल आणि शेताचे दोन तुकडे पडतील. मॅडमनी ते सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मग चौघांना खुर्ची घेऊन बांधावर उभं केलं. खुर्ची आणि दोन्हीकडचे खांदे मावतील तेवढीच वाट, बांधाच्या कडेनं, फक्त पायी जाण्यासाठी. माणिकरावांना विचारलं, "एवढी देता?" ते म्हणाले, "लिवा." मोजणी होईपर्यंत आत्याबाई हार घालून बसून होत्या. त्याच बांधावर माणिकरावांच्या घरून चहा आला.

इकडं गावातून कोणीतरी औशाला फोन केला होता. नणंद रडत, ऊर बडवत आली, तर आई ओसरीवर चहात बिस्कीट बुडवून खात होती. "रड रड," आत्याबाई म्हणाल्या, "पुढं कामाला येईल."

पुढं एकदा मी मॅडमना विचारलं, एवढे निकाल देता, भीती नाही वाटत? म्हणाल्या, "रोज वाटते. एकाच्या शेतातून दुसऱ्याची वाट काढायची, म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलायचा. हात थरथरायलाच हवा." बदली होऊन नांदेडला जाण्याआधी त्या पुन्हा गावात आल्या होत्या, ती वाट सरकारी नकाशावर चढल्याचं सांगायला. मी बांधून दिलेली शेंगाचटणी घेतली नाही. देवापुढची खडीसाखर मात्र घेतली. अजूनही सणासुदीला फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "आजी काय म्हणतात?"

आजी आहेत. पण पंधरवड्यापासून त्यांचं जेवण तुटलं आहे. पेज दोन घोट घेतात आणि तोंड फिरवतात. हा लेख लिहायला बसण्याआधी माझं मन मला पुन्हा खायला लागलं. यंदा पाऊस फार झाला, ओढा चढला होता, बांध राहिला असेल का? माणिकरावांनी नांगरताना वाट खाल्ली असेल का? मॅडम आता सेवेत नाहीत, कोणाकडं जावं? काल सकाळी पूजा आटोपून एकटीच बघायला गेले.

वाट होती. खचलेल्या जागी मुरूम पडलेला होता आणि माणिकराव तो पायानं दाबत होते. मला बघून थांबले. "म्हातारी कशी हाय?"

मी म्हटलं, जेवत नाही.

ते पुन्हा मुरूम दाबायला लागले. मग म्हणाले, "वाट नीट हाय म्हणून सांगा. पर घाई न्हाई म्हणावं."

घरी येऊन मी आत्याबाईंना तसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डोळे उघडले, पेज मागितली आणि वाटी रिकामी केली.

मॅडम, तुम्हाला आता साठ वर्षं पूर्ण झाली. माझ्या ओळखीची कितीतरी माणसं तुम्ही मोकळ्या केलेल्या वाटांनी जातात, आणि पुष्कळांना तुमचं नावसुद्धा ठाऊक नाही. महादेव तुम्हाला निरोगी ठेवो, तुमच्या हातापायांत बळ राहो. फोन उचलायला उशीर झाला की माझा जीव थोडा थोडा होतो, तेवढा उचलत चला. बाकी आशीर्वाद देण्याएवढी मी मोठी नाही, म्हणून माणिकरावांचेच शब्द तुमच्यासाठी पाठवते. वाट नीट आहे. घाई नाही.