चांगुणाबाईच्या दुपट्यातला झेंडा

आमच्या पाथर्डीकडच्या गावात चांगुणाबाईच्या हातची गोधडी नाही असं घर सापडायचं नाही. आमच्याकडे तान्ह्या लेकराच्या दुपट्यात घरातल्या थोर माणसाचं वापरलेलं कापड घालतात. आजोबाचं धोतर, पणजीचं लुगडं. त्यांचा गुण लेकराला लागतो म्हणे. चांगुणाबाईच्या घरात थोर कुणी नव्हतं. नवरा सूर्यभान थोर होता, पण नुसता झोपण्यात. हे मी नाही, तीच सांगायची.

म्हणून लेक मालन बाळंत झाली तेव्हा तिनं दुपट्याच्या आतल्या थरात शाळेचा विरलेला झेंडा घातला. काकासाहेब गुरुजींनी कपाट आवरताना चिंध्यांचं गाठोडं तिला दिलं होतं, त्यात तो निघाला. "सारं गाव ज्याला सलाम ठोकतं, त्याच्यापरीस थोर कोन?" हे तिचं म्हणणं.

बहात्तरचा जानेवारी. पेपरात नव्या कायद्याची बातमी आली आणि मीच ती पारावर मोठ्यानं वाचली. झेंडा जाळला, फाडला, तुडवला तर तीन वर्षं कैद. अशाला शिक्षा हवीच, यावर पारावर दुमत नव्हतं. चांगुणाबाई पाणी घेऊन चालली होती, ती थबकली. दुपट्याची भानगड मला ठाऊक होती. माझी जीभ वळवळली. "काय बाई, आता तुरुंगात गोधड्या शिवायच्या?"

सगळे हसले. ती हंड्यासकट गुरुजींच्या दारात गेली. मागोमाग मी, अर्थातच.

ऐकून गुरुजी तिच्याहून पांढरे पडले. जीर्ण झेंडा मानानं, आडबाजूला जाळायचा असतो. त्यांनी तो चिंध्यांत दिला होता.

"आत्ताच्या आत्ता उसवा आणि गुपचूप जाळून टाका."

"जाळू? जाळलं तर तीन वरसं म्हनत्यात न्हवं?"

"ते जाळणं वेगळं, हे वेगळं."

"आन् उसवू कसा? समदे टाके त्याच्यातून गेल्यात. वढला की फाटंल. फाडलं तरी तीन वरसं. गुरुजी, लेकरू त्याच्यावर मुतलंय, त्याची किती?"

मी घाईनं म्हणालो, "बाई, चारचौघांत अपमान केला तरच गुन्हा. तेवढं मी पारावर मुद्दाम वाचलं नव्हतं, गंमत म्हणून."

"तुमचं काय खरं, भाऊ!" तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही.

आठ दिवसांनी मालन देवळाली प्रवऱ्याला सासरी निघाली. दुपटं दिलं नाही तर सासरचे टोमणे मारणार. दिलं तर गुन्हा लेकीच्या घरात जाणार. एसटीपाशी आलो तर हवालदार उभा. मालनचा हात सोडून चांगुणाबाई तडक त्याच्यापुढं गेली.

"सायेब, ह्या दुपट्यात झेंडा हाय. म्या शिवलाय. धरायचं तर मला धरा, लेकीचं नाव कुटं घालू नका."

हवालदारानं दुपटं उलटंपालटं केलं, चाचपलं.

"नाव काय तुमचं?"

"चांगुणाबाई सूर्यभान."

"गाडी सुटतीय. गुंडाळा लेकराला, वारं हाय."

त्यानं वही काढली नाही. पण नाव तर विचारलं होतं. पुढं कितीतरी महिने एसटी थांबली की चांगुणाबाई सुई हातात धरूनच उंबऱ्यात यायची, कोण उतरलं ते बघायला. मी उतरलो तरी दचकायची.