ब्रेक दाबला की डावीकडं

टोइंगच्या क्रेनला लटकून व्हॅन माझ्या गॅरेजसमोर आली, तेव्हा तिची डावी बाजू आत गेली होती. हेडलाइट नाही, बंपर अर्धा लोंबतोय, डावं दार उघडतही नाही आणि बंदही होत नाही. मागच्या काचेवर मुलांनी चिकटवलेली कार्टूनं मात्र जागच्या जागी होती. मी लगेच खुर्चीतून उठलो नाही. अशी गाडी दिसली की आता आधी माझी कंबर दुखायला लागते.

कारेगावात माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. चेपलेला पत्रा सरळ करायचा, रंग मारायचा, हेच काम. व्हॅनबरोबर आलेला माणूस ओळखीचा होता. संतोष, इथल्याच एका कंपनीत मशीन ऑपरेटर. आठवडाभर कारेगावात रूम करून राहतो, घर दौंड तालुक्यात राहूला. घरी बायको, दोन मुलं आणि वडील, म्हणजे आबा. व्हॅन घरीच असते आणि बायको, सुनंदा, ती चालवते. मुलांची शाळा, दौंडचा बाजार, आबांचा दवाखाना, सगळं त्याच गाडीवर.

"काका, वर्कशॉपवाले म्हनले भंगारात घाला. एवढ्या जुन्या गाडीला नवे पार्ट परवडायचे न्हाईत."

"ठोकली कुणी?"

"बायकूनी. पुलाच्या कठड्याला घातली. फटफटी आडवी आली म्हनती. आबा पुढं बसले व्हते, त्यांचा गुडघा गेला. पोरं माघं व्हती म्हनून वाचली."

"इन्शुरन्स?"

"थर्ड पार्टी."

म्हणजे दुसऱ्याचं नुकसान झालं तर कंपनी भरणार. आपलं आपण बघायचं.

"तुम्ही फकस्त वरनं चकाचक करा," संतोष म्हणाला. "इकून टाकायची हाय. तिच्या हातात गाडी परत द्यायची न्हाई."

मी गाडीखाली सरकलो. अशा व्हॅनला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. खालच्या पत्र्यालाच दोन लांब लोखंडी दांडे असतात. आम्ही त्यांना लाँग मेंबर म्हणतो. गाडीचा कणा तोच. डावा लाँग मेंबर पुढच्या टोकाला मुडपला होता. वरून लांबी भरून, म्हणजे पुट्टी लावून, रंग मारला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण चाक कायम तिरकं चाललं असतं, आणि पुढच्या धडकेत तो भाग कागदासारखा गोळा झाला असता.

बाहेर येऊन मी म्हणालो, "आतला दांडा सरळ केल्याशिवाय मी रंगाला हात लावनार न्हाई. तू ज्याला इकशील, त्याचीबी पोरं माघंच बसत्याल."

तो वैतागला. मीही वैतागलेलोच होतो. शेवटी ठरलं ते असं. दांड्यावर काटकसर नाही, दिसण्यावर करायची. दार चाकणच्या भंगारवाल्याकडून आणायचं. बंपर फेकायचा नाही, गरम करून आतून पट्टी मारून जोडायचा. रंग पूर्ण गाडीला नाही, मार बसला त्या जागेपुरताच. भंगारवाल्याकडे त्या मॉडेलचं एकच दार मिळालं, निळं. गाडी पांढरी.

"उस्ताद, दरवाजा नीला ही रहने दें?" माझ्या पेंटर जमीलनं विचारलं.

"रहने दो," मी म्हणालो.

व्हॅनची मागची बाजू खांबाला साखळीनं बांधली, पुढच्या मुडपलेल्या टोकाला चेनपुली लावली आणि थोडं थोडं ओढत गेलो. हे काम घाईनं होत नाही. ओढायचं, थांबायचं, तापवायचं, ठोकायचं, पुन्हा मापायचं. माप कोपऱ्यातून कोपऱ्यात घेतात, गुणाकाराच्या फुलीसारखं. दोन्ही तिरक्या रेघा सारख्या आल्या की कणा सरळ झाला. पूर्वी हे मी शिट्ट्या मारत करायचो. आता पुलीचा एक हिसका दिला की खांद्यात कळ येते.

मधेच एकदा सुनंदा आली. आबांना शिरूरला हाडाच्या डॉक्टरांकडे दाखवून परत जाताना गाडीतलं सामान न्यायला थांबली होती. संतोषही होता. सीटखालची मुलाची चप्पल, पाण्याची बाटली असं काढता काढता ती हळूच म्हणाली, "काका, म्या ब्रेक दाबला व्हता वो. पर गाडी आपोआप डावीकडं वढली. स्टेरिंग धरून ठिवलं तरी वढली."

"झालं सुरू," संतोष म्हणाला.

तिनं बाटली पिशवीत टाकली. मी पुन्हा पुलीकडं वळलो. ठोकलेल्या गाडीचा मालक माझ्यासमोर नेहमी असंच काहीतरी सांगतो. गाडीच तशी गेली, समोरचाच मधे आला. सगळ्याचा विचार करत बसलं तर काम कधी करायचं?

दार बसलं, हेडलाइट बसला, रंग वाळला. मी व्हॅन सर्व्हिस रोडवर चक्कर मारायला काढली. सरळ चालत होती. मनात म्हटलं, सुटलो एकदाचा. पुढं गतिरोधक आला म्हणून ब्रेक दाबला, तर गाडीनं डावीकडं हिसका दिला. मी घाबरलो. पहिला विचार आला तो माझ्याच कामाचा. कणा वाकडाच राहिला की काय? म्हणजे दार उतरवा, साखळ्या बांधा, सगळं पहिल्यापासून.

परत येऊन मापं घेतली. बरोबर. पुन्हा घेतली. बरोबर. मग सुनंदाचं बोलणं आठवलं आणि मी पुढची दोन्ही चाकं खोलली.

पुढच्या चाकांना ब्रेक पॅड असतात. आपण ब्रेक दाबला की ते फिरती चकती दोन्हीकडून आवळतात. डावीकडचे पॅड झिजून पापडासारखे झाले होते. उजवीकडचे जवळजवळ नवे, आणि तिथल्या चकतीवर जुना, जाड गंज. पॅड दाबणारा उजवा पिस्टन गंजून जाम झाला होता. हे आठ-पंधरा दिवसांत होत नाही. कित्येक महिने ही गाडी पुढं फक्त डाव्या चाकाला थांबत होती. जोरात ब्रेक मारला की डावं चाक अडणार, उजवं पळणार आणि गाडी डावीकडं फिरणार. आणि डावीकडं कठडा होता.

रविवारी सगळे गाडी न्यायला आले. मी चारही पॅड फळीवर मांडले आणि आत्ता सांगितलं तसंच सांगितलं. आबा काठीवर भार देऊन वाकून बघत राहिले.

"म्हंजी पोरीची चूक न्हवती?"

"तिनं ब्रेक दाबला, आबा. गाडीनं अर्धाच ऐकला."

"सर्व्हिसिंगला कवा सोडली व्हती रं?" आबांनी लेकाला विचारलं.

संतोष पॅड हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. "शिफ्टमुळं न्हाई जमलं," तो म्हणाला.

मला वाटलं, सुनंदा आता बोलेल. इतके दिवस घरात, भावकीत ऐकून घेतलं होतं तिनं. ती एवढंच म्हणाली, "आता दोन्ही चाकं धरत्याल का, काका?"

"पिस्टन, पॅड, पाइप, सगळं नवं टाकलंय. तुम्हीच चालवून बघा, ताई."

तिनं संतोषकडं पाहिलं नाही. आबांकडं पाहिलं. आबांनी मान हलवली. ती स्टेरिंगवर बसली. मी शेजारी बसलो. सर्व्हिस रोड मोकळा झाल्यावर म्हणालो, "दाबा जोरात." तिनं डोळे बारीक करून दाबला. गाडी सरळ रेषेत थांबली. ती कपाळ स्टेरिंगला टेकवून बसली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

परत आल्यावर आबा स्वतःहून निळं दार उघडून पुढं बसले. संतोष मागं बसला. निघताना म्हणाला, "हळू घे."

"तवाबी हळूच व्हते," सुनंदा म्हणाली, आणि गिअर टाकला.

व्हॅन विकली नाही. राहूला अजून तीच चालवते. संतोष भेटतो चहाच्या टपरीवर. ब्रेकच खराब होता, असं चारचौघांत सांगतो. तो कुणामुळं खराब राहिला, ते सांगत नाही. बायकोला काही म्हणाला का, ते मी विचारलेलं नाही.

आता ठोकलेली गाडी आली की चालवत कोण होतं, हे मी नंतर विचारतो. आधी चारही चाकं खोलतो. काम वाढतं, कंबर जाते, गिऱ्हाईक कुरकुरतं. पण ठोकलेला पत्रा नुसता सरळ करून दिला, तर तीच गाडी परत तशीच चेपून येते.