मातेनेचं जाकीट

राहेराला मी तिच्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून ओळखते, म्हणून तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क मला आहे, असं मी धरून चालते. आई गेल्यावर तिला हिनेवाई मावशीने वाढवलं, आपल्या मुलाबरोबर, मातेनेबरोबर, एकाच अंथरुणात. पुढे मातेने मोटारसायकलवाल्यांच्या टोळीत गेला आणि राहेरा पोलिसात. आमच्या नदीकाठी तरुणांना धंदे दोनच, असं म्हातारे म्हणायचे.

टोळीचं नाव काळे वाम. जाकिटाच्या पाठीवर तोंड वासलेला वाम मासा. जत्रा असो, रग्बीचा सामना असो की मयत, हे चाळीस जण गाड्या गुरगुरवत यायचे आणि त्यांना आवरायला राहेरा एकटी. तिची पद्धत ठरलेली होती. आदल्या दिवशी अड्ड्यावर जायची, म्होरक्या टीपेनेबरोबर चहा प्यायची आणि बजावायची, "शाळेसमोर गाड्या बोंबलवायच्या नाहीत. पूल अडवायचा नाही. बाटलीत दारू दिसली तर तुझ्याच टकलावर ओतेन."

मग नवा कायदा आला, टोळीची खूण रस्त्यावर दिसता कामा नये. राहेरा जत्रेच्या फाटकात उभी राहून एकेकाला जाकीट उलटं घालायला लावायची. "अस्तर झकास आहे रे, बायकोने शिवलं का?" हसत-खिदळत काम उरकायचं. शहरातल्या साहेबांना मात्र ते हसणंच खुपायचं.

मातेने काही संत नव्हता. बायकोचा जबडा त्याने दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा राहेरानेच त्याला बेड्या ठोकल्या. एकावन्नाव्या वर्षी न्याहारी करताना तो खुर्चीवरून पडला तो उठलाच नाही. तीन दिवस त्याला सभाघरात ठेवला. आमच्यात मेलेल्याशी तोंडावर बोलतात, शिव्याही घालतात. त्याची बायकोही उठून बोलली. काय बोलली ते मी सांगणार नाही, पण तिचं चुकलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी जाकिटाची गोष्ट निघाली. जाकीट टोळीच्या मालकीचं, मातीत घालता येत नाही. शवपेटीच्या झाकणावर पसरून नेतात आणि पुरल्यावर म्होरक्या ते परत घेतो. पण दफनभूमीचा रस्ता पुलावरून जाणारा, सरकारी; तिथे खूण दिसायला बंदी.

"पिशवीतून नेऊ," कोणीतरी म्हणालं.

"तीस वर्षं पाठीवर वागवलं त्याने," मावशी म्हणाली. "शेवटचे दोन किलोमीटर काय बटाट्यासारखं पिशवीत घालू?"

सगळे राहेराकडे बघायला लागले. ती उठली. "मातेने, तू गाढव होतास आणि गाढवासारखाच मेलास," ती पेटीकडे बघून म्हणाली. "पण तुझं जाकीट उघड्यावरून जाईल. पुलावर मी असेन."

इथेच बाई फसली. आधी साहेबाला विचारायचं, मग तोंड उघडायचं. सभाघरात उभं राहून प्रेताला दिलेला शब्द मागे घेता येत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. पण मावशीचा चेहरा बघून तिच्या तोंडून निघून गेलं. मावशीने तिचा हात गालाला लावला. "माझी लेक," ती म्हणाली. इतक्या वर्षांत सगळ्यांसमोर पहिल्यांदाच.

सकाळी पेटी उघड्या गाडीत चढवली. मी आणि मावशी तिच्या दोन बाजूंना बसलो, मागे चाळीस मोटारसायकली. पुलाशी पोचलो तर तिथे राहेरा एकटी नव्हती. हॉलोवे नावाचा साहेब शहरातून वीस शिपाई घेऊन पहाटेच आला होता. तिचा चेहरा बघूनच मी ओळखलं की तिचा शब्द बुडाला.

"जाकीट जप्त करा," हॉलोवे म्हणाला.

"साहेब, दोन किलोमीटर आहेत. मी शब्द दिलाय."

"तुमच्या घरातलंच मयत ना? मग तुम्हीच काढा. नाहीतर माझी पोरं काढतील."

मागे टीपेनेच्या माणसांनी गाड्यांवरून पाय खाली टेकवले होते. शहरातल्या पोरांनी पेटीला हात लावला असता तर त्या पुलावर आणखी दोन-चार पेट्यांची सोय झाली असती. इकडे आड, तिकडे विहीर. राहेरा गाडीवर चढली.

मावशीने जाकिटाची कड धरून ठेवली होती. राहेराने तिची बोटं सोडवली, एकेक करून. संधिवाताची बोटं ती, कळ लागली असणार. जाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत गेलं. पिशवीवर राहेराने नंबर लिहिला आणि सही केली.

"मातेने जिवंत होता तेव्हा याच बाईने त्याला धरलं," टीपेने मोठ्याने हसला. "आता मेल्यावर नागवा केला. बढती मिळेल गं तुला!"

कोणी हात उचलला नाही. तिने चाळीस जणांना तुरुंगापासून वाचवलं, आणि त्यांतल्या प्रत्येकाने जाताना तिच्या बुटांवर थुंकून घेतलं. हॉलोवे बघत उभा होता.

ती आमच्या मागून चालत दफनभूमीत आली, टोपी काढून. लांब उभी राहिली. सगळ्यांची माती टाकून झाल्यावर तिने मूठभर टाकली.

तिथे नळ नाही. निघताना हात धुवायला बादली आम्हीच नेतो. हात धुतल्याशिवाय कोणी मेलेल्यांतून जिवंतांत परत येत नाही, पंगतीला बसत नाही. त्या दिवशी बादली माझ्याकडे होती आणि मी फाटकात उभी होते. सगळे हात धुऊन बाहेर पडले. शेवटी राहेरा आली आणि तिने मातीचे हात पुढे केले.

"मावशी," ती म्हणाली.

मावशी फाटकाबाहेर माझ्या शेजारी उभी होती. तिने राहेराकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "पाणी संपलं ना गं?"

बादली अर्धी भरलेली होती. राहेराला ती दिसत होती.

"संपलं," मी म्हणाले आणि तिच्या डोळ्यांदेखत बादली गवतात उपडी केली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला मला फार बरं वाटलं.

मग मावशीचा हात धरून मी जेवायला निघाले. वळणावरून मागे पाहिलं तेव्हा राहेरा फाटकाच्या आतच उभी होती, हात पुढे धरून.