सात नंबरच्या मशीनची तारीख

परदेशीपुऱ्यातल्या त्या शाळेत दिनानाथ पागनीस सरांचा हात सत्तावीस वर्षं पोरांवर सैल होता आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं. पण सर कॉम्प्युटर शिकवत, निकाल शंभर टक्के लावत, आणि ॲडमिशनच्या दिवशी पालकच हात जोडून सांगत, की सर, चुकला तर सोडू नका. सर सोडत नसत. कंस बंद करायला विसरलं की बोटांवर पट्टी, फाईल भलत्या नावानं ठेवली की टपली, आणि दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवला तर थप्पड. ती थप्पड खाल्लेली पोरं आज मोठाल्या कंपन्यांत आहेत आणि भेटली की कौतुकानं गाल चोळून दाखवतात. त्या कौतुकाइतकं ओंगळ दुसरं काही नसेल.

सर स्वतःही मार खाऊनच वाढले होते. वडील मिलमध्ये हजेरी-कारकून. घरी आले की आधी कमरेचा पट्टा काढत, मग बूट. मार खाल्लेला माणूस पुढे आपला हात आवरतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी सरांचा एक तास पाहायला हवा होता. बायकोवर, मनोरमाबाईंवर, त्यांनी कधी हात उगारला नाही, आणि आपण रागीट नाही, शिस्तीचे आहोत, याचा पुरावा म्हणून ते हेच सांगत.

लॅबमध्ये अठरा मशीन होत्या. पोरं उत्तरं शोधतात म्हणून सरांनी नेट तोडून टाकलं होतं. त्यातल्या सात नंबरच्या मशीनचा आतला बटणाएवढा सेल केव्हाच मेला होता, त्यामुळे रोज सुरू केली की ती आजची तारीख विसरलेली असे. सेल बदलणं दहा मिनिटांचं काम. सरांनी त्याऐवजी नियम केला, की सात नंबरवर बसणाऱ्यानं आधी फळ्यावरची तारीख टाकायची, मग कामाला लागायचं. फळ्यावर तारीख सर रोज सकाळी स्वतः लिहीत, आणि त्यांच्याशिवाय खडूला कुणी हात लावत नसे.

डिसेंबरात सर तीन दिवस उज्जैनला पुतण्याच्या लग्नाला गेले. गुरुवारी सकाळी आले, फळा पुसला, अकरा तारीख लिहिली आणि बारावीचे प्रोजेक्ट तपासायला बसले. तिसऱ्या तासाला त्यांना दोन प्रोग्रॅम सापडले, एक निशांत लोंढेचा, एक सुजयचा. दोन्ही अक्षरशः सारखे. एकाच ओळीत एकच चूक. सरांनी फायलींच्या तारखा पाहिल्या. सुजयची सहा डिसेंबर, निशांतची नऊ. म्हणजे चोर कोण ते ठरलं.

निशांत उंच, काटक पोरगा. रोज पहाटे धावायचा, कारण फेब्रुवारीत महूला लष्कराची भरती होती आणि त्यापलीकडे त्याला दुसरं काही दिसत नव्हतं. सरांनी त्याला उभं केलं. तो म्हणाला, मी स्वतः केलाय. सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोरी परवडली, पण वर तोंड करून खोटं? पहिली थप्पड गालावर बसली. निशांत सांगायला लागला, "सर, सात नंबरची तारीख तर..." आणि सरांना त्यात फक्त उलट उत्तर ऐकू आलं.

दुसरी थप्पड उघड्या पंजानं डाव्या कानावर बसली. पोरगा टेबलावर आपटला. कपाळ मॉनिटरच्या कोपऱ्यावर फुटलं, कीबोर्ड खाली पडून त्याची बटणं फरशीभर झाली. सरांनी कॉलरला धरून त्याला उठवलं आणि तिसरी दिली, चौथी दिली. आपण किती मारतोय हे त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर थांबावंसंही वाटत नव्हतं. वर्गात चौतीस पोरं होती. सुजय मान खाली घालून बसला होता. निशांतच्या कानातून रक्ताची बारीक धार निघून शर्टात गेली, तेव्हा एक मुलगी रडायला लागली आणि सरांचा हात थांबला.

शुक्रवारी निशांतच्या वडिलांना बोलावणं गेलं. ते यायच्या आधी सर रजिस्टरमध्ये तक्रार लिहायला बसले. 'सुजयने दिनांक सहा डिसेंबर, शनिवार' इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं. शनिवारी बारावीचा लॅबचा तासच नसतो. शनिवारी त्या खोलीत सुजय असणं शक्य नव्हतं. सुजयची जागा सात नंबरला. आणि फळ्यावर शनिवारपासून बुधवारपर्यंत एकच तारीख होती. त्यांच्याच हातची, वळणदार सहा. सुजयनं निशांतच्या नऊ तारखेनंतर, बुधवारी, प्रोग्रॅम उतरवला होता आणि नियमाप्रमाणे फळ्यावरची तारीख टाकली होती. ती गुरुवारी सरांनी आपल्याच हातानं पुसली.

त्यांनी प्रिन्सिपॉलना सांगितलं. प्रिन्सिपॉल म्हणाले, आता काही बोलू नका, पोराकडून माफीनामा घेऊन विषय संपवू. सर हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत.

रामभाऊ लोंढे लेथवर काम करायचे. ग्रीसनं काळ्या झालेल्या हातांनी त्यांनी आधी सरांना नमस्कार केला, मग मागे उभ्या असलेल्या मुलाकडे वळले आणि कुणाला काही कळायच्या आत त्याच्या पोटात गुद्दा मारला. निशांत वाकला. वाकलेल्या पाठीवर कोपर बसलं. "सर, तुम्ही अजून दोन लगावा. घरी मी पण देतोच याला," रामभाऊ म्हणाले. प्रिन्सिपॉल सरांच्या कानाशी पुटपुटले, "पागनीसजी, जाऊ द्या ना अब. बाप खुदच मारून राहिलाय."

निशांत ओरडला नाही. कापूस घातलेला कान त्यानं तळव्यानं झाकून घेतला होता, बस. सर आपल्याच जागी उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते घशाशी येत होतं आणि सत्तावीस वर्षांची इज्जत ते मागे ढकलत होती. रामभाऊंनी पोराचा तो हात कानावरून ओढून काढला आणि पंजा उगारला. तेव्हा कुठे सरांनी तो पंजा हवेत धरला.

"चोरी याची नाही," सर म्हणाले. "दुसऱ्यानं याचा प्रोग्रॅम उतरवला. तारीख माझी चुकली. मी उगाच मारलं."

रामभाऊंना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी हात सोडवून घेतला आणि सरांच्या तोंडावर ठोसा मारला. सर कपाटावर गेले. काच फुटली, बक्षिसांच्या ढाली खाली आल्या. रामभाऊ मारत होते आणि मारता मारता रडत होते, कारण तो गुद्दा त्यांनीही उगाच मारला होता. सरांनी हात वर केला नाही. शिपायानं कसंबसं दोघांना वेगळं केलं, तेव्हा सरांचा एक दात हलत होता आणि ओठ फाटला होता. निशांत भिंतीला टेकून दोघांकडे बघत होता. कुणाचीच दया त्याच्या चेहऱ्यावर नव्हती.

शनिवारी सर दवाखान्यात गेले. कानाच्या डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकावर बापलेक बसले होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पडदा फाटलाय, दोन-तीन महिन्यांत भरला तर भरला, नाहीतर ऑपरेशन. फेब्रुवारीतल्या मेडिकलला असा कान चालत नाही. हे रामभाऊंनी सांगितलं, आणि मग ते समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

उजवीकडे बाप होता म्हणून सर निशांतच्या डावीकडे बसले. सकाळपासून पाठ केलेलं सगळं त्यांनी सुजलेल्या ओठांनी, हळू आवाजात सांगितलं. की नोकरीचा राजीनामा दिलाय. की ऑपरेशन लागलं तर सगळं माझ्याकडे. की सत्तावीस वर्षांत मी कुणाकुणाला मारलं ते आता आठवत बसतो. की बेटा, मला माफ कर. हे शेवटचं बोलताना त्यांना रडू फुटलं. निशांत सरळ समोर बघत होता. मग बाकडं हललं तसं त्याचं लक्ष गेलं, त्यानं मान वळवून सरांच्या ओठांकडे पाहिलं आणि वर्गात विचारायचा तशा अदबीनं म्हणाला, "सर, तुम्ही काही बोलून राहिलात का? मग इकडून या ना. त्या कानानं काहीच येत नाही."

रामभाऊ उठले आणि त्यांनी जागा करून दिली. सर उठून उजवीकडे जाऊन बसले, आणि ते सगळं त्यांना पुन्हा पहिल्यापासून बोलावं लागलं.