हसनचाचांची फारखत

तारीख बारा जानेवारी १९९७, रक्कम सात हजार, हजर तिघे: मी, हसनचाचा आणि त्यांचा मुलगा रफीक. रफीकच्या टेम्पोच्या पहिल्या भरण्यासाठी मी ते चाचांना उसने दिले होते. चाचांनी त्यातले तीन हजार फेडले. नोव्हेंबरात ते गेल्याचा निरोप तळोज्याला कारखान्यात आला, तेव्हा माझं येणं चार हजार होतं. निरोप ऐकल्यावर मला पहिल्यांदा हाच आकडा आठवला. लपवत नाही.

चाचा दस्त लिहीत. पनवेलच्या कचेरीबाहेर टेबल आणि टाइपरायटर मांडून तीस वर्षं. नावड्याला आम्ही शेजारी राहायला आलो तेव्हा माझा घरभाड्याचा करार त्यांनीच लिहिला, आणि ओळख वाढली. त्यांना शब्दांचं मूळ सांगायची हौस. एकदा म्हणाले, "जाधवभाऊ, फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे कागद. फारिगखत. बोलून बोलून झिजलं, फारखत झालं. काडीमोडाला लोक फारकत म्हणतात ना, ती याचीच लेक."

मी म्हटलं, "म्हणजे पावतीच की."

"पावती पैशाची असते. ही माणसाची. ज्याचं येणं असतं त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, आणि मोठ्याने वाचून दाखवायची. त्याशिवाय देणेकरी सुटत नाही."

दफनाआधी मशिदीच्या अंगणात रफीक उभा राहिला. "अब्बांकडं कुनाचं काय र्‍हायलं असंल तर मला सांगा, मी देईन. नायतर माफ करा." आजूबाजूला "माफ, माफ" ऐकू येत होतं. मी मागितलंही नाही, सोडलंही नाही. सीवूड्सला घर घेतलं होतं, त्याचा हप्ता एक तारखेला होता... चार हजार माझ्यासाठी थोडे नव्हते.

पुढचे पाच आठवडे मन थाऱ्यावर नव्हतं. स्टोअरमध्ये बोल्टांची मोजणी दोनदा चुकली. बायको म्हणाली, "मागायचे तर मागा, सोडायचे तर सोडा. नुसते पंख्यासारखे फिरू नका." रफीकच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो.

शेवटी तोच आला. चाचांचा टाइपरायटर विकून बत्तीसशे आणले होते. "काका, आठशे फुडल्या महिन्यात."

मी पैसे मोजले आणि कागदावर लिहिलं, रफीक यांजकडून रुपये बत्तीसशे मिळाले. त्याने वाचलं आणि कागद परत सरकवला.

"माजं नाव कशाला, काका? सुटायचं हाय ते अब्बांना."

मी तो कागद फाडला. दुसरा घेतला, वर चाचांचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे, 'आपणाकडे माझे येणे सात हजार होते. आता काही राहिले नाही. आपण मोकळे आहात.' सही केली. मग मोठ्याने वाचून दाखवलं. रफीक मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "परत वाचा." मी परत वाचलं.

हे अंगणात एका शब्दात झालं असतं, आणि टाइपरायटर घरात राहिला असता... आठशे मी चाचांना सोडले. बत्तीसशे दुसऱ्या दिवशी घराच्या हप्त्यात भरले.