गच्च भरलेली ओढणी

कच्छच्या रणाजवळ मेंढ्या-उंट पाळणाऱ्या रबारी लोकांची वस्ती बघायला निघाले, तेव्हा भूजच्या बाजारात घेतलेली जुनी, आरसेकामाची ओढणी मी मुद्दाम अंगावर घेतली. वाटलं, आपली कला पाहुणीच्या खांद्यावर बघून तिथल्या बायका खूश होतील. पण अंगणात पाऊल टाकलं मात्र, शेळीची धार काढत बसलेली म्हातारी ताडकन उठली.

"बेन, आधी ती ओढणी काढा. आमच्यात बंदी आहे."

ज्या भरतकामासाठी कुठून कुठून माणसं येतात, त्यालाच बंदी? "कुणी घातली?"

"आमच्याच जातीच्या पंचांनी. लग्न लागायचं, पण घागरे, ओढण्या, तोरणं सगळं स्वतः भरून झाल्याशिवाय पोरीला सासरी नेत नसत. तिकडची मागणी वाढतच जायची. पोरी माहेरीच तिशीला टेकायच्या. शेवटी भरणंच बंद केलं."

मी गपकन ओढणी काढून तिच्या हातात दिली. सकाळीच आरशासमोर मी त्या ओढणीवर किती भाळले होते! बोटभरसुद्धा कापड मोकळं नव्हतं. 'केवढा हा वारसा,' असं मोठ्यानं म्हणालेही होते.

म्हातारीनं ओढणी उलटी केली आणि मागच्या गाठींवरून सावकाश अंगठा फिरवला.

"फार गच्च भरलंय," ती म्हणाली. "ही पोर फार थांबली असणार, बेन."